मसुऱ्याच्या वाटेवरील अमेरिका : अमेरिकन साहित्य, मराठी अनुवाद आणि इंग्रजीचा वर्ग

प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील मसुरे हे गड नदीच्या काठी, भरतगडाच्या पायथ्याशी वसलेले, अनेक वाड्यांत पसरलेले गाव. भराडी देवीच्या जत्रेमुळे महाराष्ट्रभर ठाऊक झालेली आंगणेवाडी ही त्यातीलच एक वाडी होय. घरात मालवणी, शाळेत मराठी आणि पाठ्यपुस्तकापुरती इंग्रजी अशा तीन भाषांतून येथील मूल वाढते. या मुलाचा अमेरिकन साहित्याशी काही संबंध येतो काय, असा प्रश्न कोणी केला तर वरकरणी तो गमतीचा वाटेल. प्रत्यक्षात तो संबंध येतो आणि एकाच वाटेने नव्हे, तर दोन वाटांनी येतो. एक वाट राज्य मंडळाच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातून जाते, तर दुसरी ग्रंथालयातील मराठी अनुवादांच्या कपाटातून. या दोन वाटा कशा निर्माण झाल्या आणि एकाच गावात येऊनही त्या एकमेकींना का भेटल्या नाहीत, याचा शोध प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे.

अकरावीचे 'युवकभारती' हे इंग्रजीचे पाठ्यपुस्तक 2019 मध्ये आणि बारावीचे 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. अकरावीत एमिली डिकिन्सनची 'देअर इज अनदर स्काय' ही कविता आणि लुईझा मे ऑल्कटच्या 'लिटल विमेन' या कादंबरीतील एक प्रकरण होते. बारावीत वॉल्ट व्हिटमनच्या 'साँग ऑफ द ओपन रोड'मधील उतारा, ओ. हेन्रीची 'द कॉप अँड द अँथम' ही कथा आणि एडगर गेस्टची एक बोधपर कविता होती. दोन वर्षांत किमान पाच अमेरिकन लेखक विद्यार्थ्यासमोर आले. मात्र ते 'अमेरिकन साहित्य' म्हणून आले नाहीत, 'इंग्रजी' म्हणून आले. परिचयाच्या चार ओळींत 'अमेरिकन कवी' असा उल्लेख होतो आणि त्यापुढे तो शब्द पुन्हा वर येत नाही.

विषयाचा उशिरा झालेला जन्म

यात पाठ्यपुस्तक मंडळालाच दोष देणे न्याय्य होणार नाही. खुद्द अमेरिकेतही अमेरिकन साहित्य हा अभ्यासविषय फार उशिरा मान्य झाला. एकोणिसाव्या शतकातील तेथील महाविद्यालयांत साहित्य म्हणजे ग्रीक, लॅटिन आणि नंतर इंग्लंडचे साहित्य अशीच धारणा होती. 'केंब्रिज हिस्टरी ऑफ अमेरिकन लिटरेचर'चे खंड 1917 ते 1921 या काळात निघाले. 'अमेरिकन लिटरेचर' हे या विषयाला वाहिलेले संशोधनपर नियतकालिक ड्यूक विद्यापीठातून 1929 मध्ये सुरू झाले. एफ. ओ. मॅथिसन यांचा एमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेल्व्हिल व व्हिटमन यांच्यावरील प्रसिद्ध ग्रंथ 1941 चा आहे. आज अमेरिकन हायस्कूलच्या अकराव्या इयत्तेत, विशेषतः हुशार मुलांसाठी असणाऱ्या 'ऑनर्स' वर्गात, वर्षभर स्वदेशी साहित्य वाचण्याची जी प्रथा रूढ झालेली दिसते, ती या उशिरा आलेल्या आत्मभानाची देणगी आहे. वसाहत म्हणून जगलेल्या देशाला स्वतःचे साहित्य 'साहित्य' म्हणून मान्य करण्यास दीड शतक लागले, ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटू नये.

मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले तेव्हा 'लीव्हज ऑफ ग्रास'ची पहिली आवृत्ती निघून दोनच वर्षे झाली होती. इंग्रजांच्या विद्यापीठात इंग्रजांचेच कवी शिकवले जाणार हे उघड होते. तथापि महाराष्ट्राचा अमेरिकेशी संबंध त्याहूनही जुना. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे अमेरिकन मराठी मिशनने 1842 मध्ये अहमदनगरहून 'ज्ञानोदय' सुरू केला. शाळा, छापखाना आणि नियतकालिक या तिन्ही मार्गांनी अमेरिकन माणूस मराठीत आला. अमेरिकन कविता-कादंबरी मात्र त्याच्याबरोबर फारशी आली नाही. ती येण्यास जागतिक राजकारणाचे एक मोठे वळण लागले.

गहू, रुपया आणि पुस्तक

2 फेब्रुवारी 1950 रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात फुलब्राइट करार झाला आणि दोन्ही देशांतील अध्यापक-विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू झाली. 1954 मध्ये अमेरिकन काँग्रेसने 'पब्लिक लॉ 480' हा कायदा केला. त्यानुसार 1956 च्या करारापासून अमेरिकन धान्य भारताला डॉलरऐवजी रुपयांत विकले जाऊ लागले. रेशनच्या दुकानातील अमेरिकन गहू जुन्या पिढीच्या स्मरणात आहे, पण त्या गव्हाचे रुपये कोठे गेले हे फारसे कोणी विचारले नाही. अमेरिकेच्या खाती भारतातच साठलेल्या त्या रुपयांचा काही भाग शिक्षण, संशोधन आणि पुस्तके यांवर खर्च झाला. अमेरिकन पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या. 1964 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरात अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर उभे राहिले आणि इंग्रजीच्या प्राध्यापकांना अमेरिकन साहित्याचे मोठे ग्रंथालय देशातच उपलब्ध झाले. विद्यापीठांत अमेरिकन साहित्याची स्वतंत्र प्रश्नपत्रिका रुजण्यास या घडामोडींनी मोठेच बळ दिले. पुढे मुंबई विद्यापीठाच्या द्वितीय वर्ष कला शाखेतही ती आली आणि विद्यापीठाशी संलग्न असलेल्या सिंधुदुर्गातील महाविद्यालयांपर्यंत पोहोचली.

याच निधीतून 1962 पासून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतीय भाषांतील पुस्तके खरेदी करून अमेरिकन विद्यापीठांना पाठविण्यास आरंभ केला. मराठी पुस्तकेही त्यात होती. गव्हाच्या मोबदल्यात पुस्तके दोन्ही दिशांनी गेली, हा या इतिहासाचा कमी चर्चिला गेलेला भाग आहे.

अमेरिकन सरकारच्या माहिती खात्याची मुंबईतील कचेरी, म्हणजे 'यूसिस', ही मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने या सर्वांत महत्त्वाची ठरली. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत पुस्तके अत्यंत स्वस्त दरात भारतीय भाषांत मिळत होती. त्यांना उत्तर देण्याचा हेतू अमेरिकन प्रयत्नांमागे होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु कचेरीचा हेतू एक असतो आणि टेबलामागे बसलेल्या माणसाची रुची दुसरी असू शकते. यूसिसच्या मराठी विभागात सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत काम करणारे जयवंत दळवी हे वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचे. मराठीतील चांगल्या लेखकांना गाठून त्यांच्याकडून अमेरिकन पुस्तकांचे अनुवाद करून घेण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. 1970 मध्ये याच कचेरीत संपादक म्हणून आलेले मंगेश पाडगावकर हे जन्माने वेंगुर्ल्याचे. अमेरिकेचे साहित्य मराठीत येण्याच्या दारावर दोन दशकांच्या काळात दक्षिण कोकणातील एकाच तालुक्याचे दोन लेखक असावेत, हा योगायोग असला तरी दुर्लक्षिण्याजोगा नाही. दळवींनी अमेरिकेचा प्रवास करून 'लोक आणि लौकिक' लिहिले आणि नंतर आरवलीच्या माणसांवर 'सारे प्रवासी घडीचे'. अमेरिका पाहून आलेला हा लेखक आपल्या गावाकडे अधिक बारकाईने पाहू लागला, असे म्हणण्यास जागा आहे.

अनुवादांचे कपाट

हे अनुवाद कोणत्या शैक्षणिक परिस्थितीत आले, हेही पाहणे आवश्यक आहे. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या धोरणानुसार 1948 पासून मुंबई प्रांतात इंग्रजी आठवीपासून शिकवली जाऊ लागली. मराठी शाळेतून बाहेर पडणाऱ्या पिढीची इंग्रजी पूर्वीपेक्षा दुबळी झाली, पण वाचनाची भूक कमी झाली नाही. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. इंग्रजी कमी आणि वाचनालये अधिक अशा या संधिकाळात अमेरिकन पुस्तके मराठीतून आली, आणि म्हणूनच ती वाचली गेली.

ते सर्वच यूसिसच्या प्रेरणेने आले असे नाही. काही अनुवाद प्रकाशकांच्या, काही लेखकांच्या स्वतःच्या आवडीतून झाले. पण त्यांतील नावे पाहिली म्हणजे त्या काळातील अनुवादकर्माची प्रतिष्ठा लक्षात येते. विजय तेंडुलकर यांनी टेनेसी विल्यम्सच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'चा 'वासनाचक्र' (1966) हा अनुवाद केला. दुर्गा भागवत यांनी हेन्री डेव्हिड थोरोचे 'वॉल्डन' (1854) 'वॉल्डनकाठी विचार विहार' (1965) या नावाने मराठीत आणले. शांता शेळके यांनी 'लिटल विमेन' (1868) 'चौघीजणी' या नावाने मराठी मुलींच्या हाती दिले. धारवाडच्या जे. एस. एस. महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन करणारे जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टरच्या ओहायोतील वसाहतकारांवरील कादंबरीत्रयीचे 'रान', 'शिवार' आणि 'गाव' असे अनुवाद साठच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध केले. याच लेखकाच्या 'रानातील प्रकाश' आणि 'स्वातंत्र्य आले घरा' याही कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या.

जी. एं.ची ही तीन शीर्षके म्हणजे अनुवादाची एक छोटी कार्यशाळाच आहे. मूळ नावे 'द ट्रीज', 'द फील्ड्स' आणि 'द टाउन'. 'झाडे' न म्हणता 'रान' म्हटल्याने, सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत पोहोचू न देणारे आणि माणसाला गिळून टाकणारे ते अरण्य एका शब्दात उभे राहिले. 'शेते' न म्हणता 'शिवार' म्हटल्याने सगळ्या गावाची मिळून असणारी कसलेली जमीन डोळ्यांपुढे आली. मात्र 'शिवार' हा देशावरचा शब्द आहे. मसुऱ्याचा शेतकरी मळा म्हणेल, भरड म्हणेल, कुणगा म्हणेल, पण शिवार म्हणणार नाही. ओहायोचा वसाहतकार मराठीत येताना बेळगाव-धारवाडच्या काळ्या मातीवरून आला, सह्याद्री उतरून नव्हे. रान तोडून त्याचे शेत करणे आणि शेतावर शहर उभे राहिल्यावर हरवलेल्या रानाची आठवण काढणे हा रिक्टरच्या त्रयीचा गाभा आहे. त्रयीतील 'द टाउन'ला 1951 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. अमेरिकेत आज रिक्टर फारसा वाचला जात नाही. मराठीत तो टिकून राहिला आणि त्याचे कारण रिक्टर नसून जी. ए. आहेत.

पु. ल. देशपांडे यांनी अर्नेस्ट हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी' (1952) या लघुकादंबरीचा 'एका कोळियाने' (1965) असा अनुवाद केला. मालवण किनाऱ्याच्या दृष्टीने हा सर्व कपाटातील सर्वांत जवळचा ग्रंथ असावयास हवा. शीर्षकाची खुबी मराठी वाचकाच्या लगेच ध्यानात येते. कोळी म्हणजे मासेमार आणि कोळी म्हणजे जाळे विणणारा कीटकही. पडून पडून पुन्हा चढणाऱ्या कोळ्याची जुनी शालेय कविता ज्यांनी लहानपणी म्हटली आहे, त्यांना चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हाताने परतणाऱ्या सांतियागोचा सारा चिवटपणा त्या दोन शब्दांतच सापडतो. क्यूबाच्या म्हाताऱ्याला पु. लं.नी मराठी शाळेच्या पहिल्या बाकावर आणून बसविले.

तरीही येथे एक अडचण आहे आणि ती किनाऱ्यावरच्याच वाचकाला जाणवेल. मालवण-देवगड-वेंगुर्ले पट्ट्यात समुद्रावर जाणारा समाज प्रामुख्याने गाबीत होय. 'कोळी' म्हटले की येथील मुलाच्या डोळ्यांपुढे मुंबईचे कोळीवाडे येतात, आपल्या वाडीतील माणूस येत नाही. शिवाय सांतियागो एकट्याने, गळ टाकून, खोल समुद्रात मासा पकडतो, तर मालवण किनाऱ्याची जुनी ओळख रापणीची. रापण म्हणजे माणसांच्या दोन रांगांनी किनाऱ्यावरून ओढावयाचे लांब जाळे आणि शेवटी मासळीची वाटणी. एकट्याने झुंजणे हे हेमिंग्वेच्या कादंबरीचे मर्म, आणि एकट्याने काहीच न होणे हा रापणीचा नियम. मोठा मासा किनाऱ्यावर येईपर्यंत शार्कनी खाऊन टाकला, हा प्रसंग रापणकराच्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही. म्हातारा एकटाच का गेला, हे मात्र तो विचारील. हेमिंग्वेच्या नायकाच्या एकटेपणाकडे पाहण्याचा हा एक स्वतंत्र रस्ता आहे आणि तो न्यूयॉर्कच्या समीक्षकाला सहज सापडणारा नाही.

कपाटात नसलेली पुस्तके

या अनुवादित अमेरिकेला एक मोठी मर्यादा होती. यूसिसच्या कचेरीतून आलेली अमेरिका ही वसाहतकारांची, निसर्गचिंतकांची, लिंकनची आणि कर्तबगार व्यक्तींची अमेरिका होती. काळ्या अमेरिकनांचे साहित्य तिच्यात फारसे नव्हते. ते वेगळ्या दिशेने आले. महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (1873) हा ग्रंथ निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. ती खूण शंभर वर्षांनी पुन्हा उजळली. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन आलेले औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे यांनी निग्रो साहित्याकडे दलित लेखकांचे लक्ष वेधले. 1972 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. जनार्दन वाघमारे यांचा 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ 1978 मध्ये आला.

कोणतीही परकीय कचेरी पाठीशी नसताना, मराठवाड्यातील अध्यापकांनी आणि मुंबईच्या चाळी-झोपडपट्ट्यांतील तरुणांनी आपल्या गरजेपोटी ही अमेरिका शोधून काढली, याला फार महत्त्व आहे. दलित आत्मकथनांच्या आणि कवितेच्या जडणघडणीत तिचा वाटा आहे. कालदृष्ट्या पाहता अमेरिकन साहित्याचा मराठीवर झालेला सर्वांत खोल परिणाम यूसिसच्या यादीत नसलेल्या पुस्तकांचा आहे, असेच म्हणावे लागते. उच्च माध्यमिक पाठ्यपुस्तकाने मात्र या दोन्ही परंपरांची दखल घेतली नाही. अकरावीच्या पुस्तकात डॉ. आंबेडकरांचा लोकशाहीच्या आधारस्तंभांवरील पाठ होता आणि त्याच पुस्तकात अमेरिकन लेखिकाही होत्या, परंतु 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकलेला विद्यार्थी या दोहोंना जोडणारा दुवा होऊ शकतो, हे अध्यापकाला स्वतःच ओळखावे लागले.

वर्गातील अमेरिका

आता पाठ्यपुस्तकाच्या वाटेकडे वळता येईल. ऑल्कटचे जे प्रकरण अकरावीला होते त्यात जो ही मुलगी बर्फ झाडत असता शेजारच्या मोठ्या घरातील एकाकी लॉरीला पाहते, खिडकीवर बर्फाचा गोळा फेकते आणि दोन घरांचा शेजार सुरू होतो. दोन आवारांमध्ये एक बुटके कुंपण आहे. मसुऱ्याच्या मुलाने बर्फ पाहिलेला नसतो, पण दोन घरांमधला गडगा त्याने जन्मापासून पाहिलेला असतो. गडग्याच्या या बाजूची गरिबी आणि त्या बाजूचे वैभव, वाटणीवरून तुटलेले संबंध आणि एखाद्या पोराच्या खोडीने पुन्हा सुरू झालेले बोलणे हे सर्व त्याच्या परिचयाचे आहे. 'चौघीजणी' जवळच्या वाचनालयात असेल तर मूळ प्रकरणातील अवघड शब्दांची यादी पाठ करण्याआधी ती गोष्ट त्याला मराठीत वाचता येईल. पाठ्यपुस्तक 'चौघीजणी'कडे विद्यार्थ्याला नेत नाही. पुष्कळदा शिक्षकही नेत नाहीत, कारण इंग्रजीच्या तासाला मराठी पुस्तक काढणे कमीपणाचे मानले जाते. या कमीपणाच्या भावनेने जेवढे नुकसान केले तेवढे अवघड शब्दांनी केले नसेल.

याच्या पुढची गोष्ट अधिक लक्षणीय आहे. ऑल्कट आणि थोरो हे दोघेही मॅसॅच्युसेट्समधील काँकर्ड या एकाच लहान गावचे, एकमेकांच्या ओळखीचे. म्हणजे कपाटातील 'चौघीजणी' आणि 'वॉल्डनकाठी विचार विहार' ही दोन पुस्तके एकाच गावची आहेत. वॉल्डन तळ्याच्या काठी दोन वर्षे राहून गरजा कमी करण्याचा थोरोचा प्रयोग आणि कणकवलीला गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी केलेले श्रमाचे व सफाईचे प्रयोग यांत गांधीजींचा दुवा आहे. थोरोचा सविनय कायदेभंगावरील निबंध गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचला आणि 1930 मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. एका गावातले साहित्य दुसऱ्या गावापर्यंत इतक्या वळणांनी आलेले आहे. बारावीच्या कृतिपत्रिकेत मात्र कवितेच्या रसग्रहणाला चार गुण असतात आणि त्या चार गुणांत आशय, यमक, अलंकार आणि आवडीचे कारण एवढेच बसते.

व्हिटमनची कविता या दृष्टीने अधिक विचार करावयास लावणारी आहे. 1856 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या या कवितेत रस्ता म्हणजे मुक्तता. तो धरणारा माणूस निरोगी, निश्चिंत, कुणाचीही तक्रार न करणारा असा आहे. वर्गात तिचा अर्थ 'स्वातंत्र्य, आत्मविश्वास आणि आशावाद' असा सांगितला जातो आणि तो चुकीचाही नाही. परंतु मालवण तालुक्यातील मुलाच्या घरात रस्त्याला दुसरा अर्थ आहे. या प्रदेशातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस गेले. आधी बोटीने, मग एस. टी.ने आणि 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर कणकवली-कुडाळहून गाडीने. गिरणीत, बंदरात, कचेरीत, हॉटेलात काम करणाऱ्या चाकरमान्याची मनीऑर्डर हा घराचा आधार होता. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने तो आधार कित्येक घरांतून काढून घेतला. येथे रस्ता धरणे ही निवड नव्हती, ती गरज होती. व्हिटमनचा वाटसरू कुणाचे देणे न ठेवता निघतो. येथून निघणाऱ्याच्या पाठीवर घराचे देणे असते. ही विसंगती वर्गात बोलली गेली तर कविता उणी होत नाही, उलट व्हिटमनने जो मोकळा रस्ता मागितला तो किती जणांना मिळाला, हा प्रश्न तिच्यातूनच उभा राहतो.

ओ. हेन्रीच्या 1904 मधील कथेतील सोपी हा बेघर माणूस न्यूयॉर्कच्या हिवाळ्यापासून वाचण्यासाठी तीन महिने तुरुंगात जाण्याची धडपड करतो आणि पकडला जात नाही. चर्चमधील प्रार्थनासंगीत ऐकून त्याला सुधारण्याची इच्छा होते, आणि नेमका त्याच क्षणी शिपाई त्याला धरतो. कथेतील थंडी कोकणातील मुलाला समजावून सांगावी लागते, पण मोठ्या शहरात छप्पर नसणे म्हणजे काय, हे सांगण्यासाठी हेन्रीपेक्षा जवळचा लेखक उपलब्ध आहे. दळवींची 'चक्र' (1963) ही मुंबईच्या झोपडपट्टीवरील कादंबरी. अमेरिकन पुस्तकांचे मराठी अनुवाद ज्यांच्या टेबलावरून गेले, त्याच आरवलीच्या लेखकाची. या कथेच्या तासाला 'चक्र'चे नाव निघाले तर दोन्ही वाटा क्षणभर एकत्र येतील.

वरील उदाहरणांवरून वर्गात मराठीतूनच शिकवावे असा अर्थ काढू नये. 2000 पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. मसुऱ्यातील पालकालाही आपल्या मुलाने इंग्रजी बोलावी असे वाटते आणि त्यात काही गैर नाही. दुर्गाबाई, जी. ए., शांताबाई, पु. ल. ही सर्व माणसे उत्तम इंग्रजी जाणणारी होती आणि म्हणूनच ती मराठीत असे काम करू शकली. त्यांनी इंग्रजी वाचली ती गुणांसाठी नव्हे, पण त्यांच्या अनुवादांकडे गुणांसाठीही कोणी पाहत नाही, अशी आजची अवस्था आहे.

एका कवितेचा उल्लेख येथवर राखून ठेवला होता. अकरावीला असलेली डिकिन्सनची कविता मुळात एका पत्राचा शेवट आहे. ऑक्टोबर 1851 मध्ये वीस वर्षांच्या एमिलीने ॲमहर्स्टहून थोरला भाऊ ऑस्टिन याला ते पत्र लिहिले. ऑस्टिन तेव्हा बोस्टनला, मोठ्या शहरात, शाळामास्तर होता. बाहेर पाने गळू लागली असताना, कधीही न कोमेजणारी माझी बाग आहे, तिच्यात ये, असे ती भावाला विनवते. वर्गात तो भाऊ 'निराश मनुष्याचे प्रतीक' होतो आणि बाग 'आशेचे'. पत्राची, बोस्टनची आणि घरी राहिलेल्या बहिणीची गोष्ट सांगितली जात नाही. ज्या वाड्यांत भाऊ मुंबईला आणि बहीण घरी अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी होती, गणपतीला किंवा आंगणेवाडीच्या जत्रेला भाऊ येईल की नाही याची पत्रे जिथून जात होती, तेथे ही कविता पहिल्याच वाचनात उमजावी. ऑस्टिन पुढे ॲमहर्स्टला परतला, तेथेच वकिली करू लागला, आणि वडिलांच्या घराशेजारी बांधलेल्या घरात, बहिणीच्या बागेपासून काही पावलांवर, आयुष्यभर राहिला.